बियाला राखलेली पार्सली

ताराबाय आता कॅनडात असते. तिच्या मुलाच्या घरामागे दोन चटयांएवढी जमीन आहे आणि वर्षातले चार-पाच महिने तिच्यावर बर्फ असतं. इथे वसईला, होळी गावात, तिची पिढीजात वाडी होती. नारळ, केळी, पानवेली, भाजीचे वाफे आणि कोपऱ्यात बावखल. इकडे वाडीतल्या तळ्याला बावखल म्हणतात. ती वाडी गेली ती माझ्यामुळे, असं मी म्हटलं की माझी बायको म्हणते, "स्वतःला एवढं मोठं समजू नका." तिचंही खरं असेल. मी आपलं घडलं ते सांगतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. अठरा वर्षांपूर्वी बोळिंजला फ्लॅट घेतला आणि वालीवच्या एका कारखान्यात लागलो. आम्ही शीतगृहांची यंत्रं बनवतो. भाज्या, मासे, आइस्क्रीम, ज्याला जेवढी थंडी लागेल तेवढी द्यायची, हेच माझं काम. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जो शहाणपणा केला तो याच कामातून आला.

बायकोने एका रविवारी अळू आणायला पाठवलं आणि मी विचारत विचारत ताराबायच्या वाडीत पोचलो. चणीने लहान, डोक्याला रुमाल बांधलेला, वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. अळू घेतलं. शेजारी वालाचा वेल होता, जांभळ्या शेंगांनी लगडलेला. मी म्हटलं, "याचं बी द्याल का?" आणि खिशात हात घातला.

"हात बाहेर काढ," ती म्हणाली. "बी विकत नाय मी. मागून ने. पण तुझ्याकडे झालं, की पहिलं बी मला आणून द्यायचं."

"आणि नाही आणलं तर?"

"तर मी मागेन."

मला ती गंमत वाटली. कॅलेंडरच्या पानात बांधलेल्या सात बिया घेऊन मी घरी आलो, गॅलरीत वेल चढवला, भाजी केली, खाल्ली आणि विसरलो. पुढच्या वर्षी वसईच्या बाजारात चार टोपल्यांपलीकडून हाक आली, "बोळिंजवाले, माझं बी?" आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मी त्याच संध्याकाळी मूठभर बी घेऊन हजर झालो. तिने एक दाणा दाताखाली धरला आणि पुडी परत माझ्या हातात ठेवली. "दमट आहे. तीन दिवस ऊन दाखव, मग आण." तीन दिवस ऊन दाखवून मी परत गेलो, तेव्हा कुठे तिने मला बसायला पाट दिला. त्यानंतर माझे रविवार तिकडेच जायला लागले.

बायच्या वाडीत भाजीला नुसतं नाव नसे, कुणाचं तरी नाव असे. पलीकडच्या आळीतल्या रोझीने दिलेलं ते रोझीचं वांगं. शाळेतल्या जुन्या मास्तरांनी कुठून तरी आणलेला तो मास्तरांचा माठ. रोझी आणि मास्तर दोघेही कधीच वारले होते, पण बाय सकाळी वाफ्यात उभी राहून म्हणायची, "रोझीला कीड लागली बघ," किंवा, "मास्तरांना पाणी कमी पडतंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. घरात ती आपल्या वाडवळी बोलीत बोलायची, ती मला निम्मी कळायची. माझ्यासाठी ती शहरी मराठी काढायची, आणि रागावली की ती बाजूला ठेवायची.

प्रत्येक जातीतलं सगळ्यात चांगलं झाड ती बियाला राखायची. जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधली, की त्याचं पानसुद्धा कुणी तोडायचं नाही. तिने स्वतःसुद्धा नाही. एकदा एका हॉटेलचा माणूस भाजी न्यायला आला होता. बोलता बोलता त्याने चिंधीवाल्या तुळशीचं एक पान खुडून नाकाला लावलं. बायने त्याची पिशवी भरून दिली, वर चार लिंबं घातली, आणि म्हणाली, "पुढल्या वेळी दुसरी वाडी बघा." तो बिचारा नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी गेला. मी त्याची रदबदली करायला गेलो तर म्हणाली, "तू पण जाशील त्याच्यासोबत."

आणखी एक नियम होता, तो तिच्या सासूपासून चालत आलेला. वाडीत बियाचं झाड उभं असेल तोवर वाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. दीर वेगळे झाले तेव्हा वाटणी दोन महिने थांबली होती, कारण एक वांगं बियाला टांगलेलं होतं. "ते पिकलं, बी धुतलं, वाळवलं, अर्धं अर्धं केलं, मग तलाठी आला," हे ती इतक्या साधेपणाने सांगायची, की तलाठीही वांग्यासाठीच थांबला असणार असं मला वाटायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हेमंत हा एकुलता एक मुलगा, बारा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला तो तिकडेच राहिला. एका दिवाळीला तो आला तेव्हा पार्सलीच्या बियांचं पाकीट घेऊन आला. कोथिंबिरीच्याच भावकीतली ही भाजी, आपल्याकडे हॉटेलवाले सोडले तर फारसं कुणी खात नाही. हेमंत म्हणाला, "आई, ही बर्फाखालीपण जगते. मी घरामागे लावलीये." बायने बी हातावर घेऊन बघितलं, आणि धणे पेरायच्या आधी रगडतात तसं चपलेखाली घालून रगडलं. धणा रगडला की दोन होतात आणि दोन्ही उगवतात. पार्सलीचं बी मुळातच बारीक, त्याचा नुसता भुगा झाला. उरलेलं अर्धं पाकीट तिने रात्रभर पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आणि मग पेरलं. पंचवीस दिवस काही वर येईना. सव्विसाव्या दिवशी मला फोन आला. ताराबायचा मला आलेला तो पहिला फोन. "ये बघायला," एवढंच बोलून तिने ठेवून दिला.

त्यातली दोन रोपं तिने मला दिली. "कुंडी खोल घे. मूळ सरळ खाली जातं, मध्ये अडलं की रुसतं." आपल्याकडच्या सगळ्यात जोमदार रोपाला तिने चिंधी बांधली. त्याचं नाव अर्थातच हेमंतची कोथिंबीर.

त्या हिवाळ्यात मी तिथे असताना हेमंतचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन अंगणात नेला. सगळं पांढरं. त्याने हातमोजा घालून बर्फ बाजूला केलं, खाली वाळल्या पानांचा थर होता, तो उचलला, आणि आत हिरवी पानं. बाय स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"पाचोळा कुणी शिकवला तुला?"

"तूच की. आल्याच्या वाफ्यावर घालायचीस ना."

"हं," ती म्हणाली. "मग पोटापुरतं शिकलास." फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ती हसत होती. हेमंतने जाता जाता सांगितलं होतं, की तिकडे दुसऱ्या वर्षी हिला फुलं येतात, बी धरतं आणि मग झाड मरतं.

इथे दुसरं वर्ष आलं आणि गेलं. बायने झाड केळीच्या सावलीत, बावखलाच्या कडेला जपलं होतं, पावसात त्याच्यावर नारळाच्या विणलेल्या झापाचं छप्पर केलं होतं. पानं हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही. मी रविवारी गेलो की ती म्हणायची, "बी धरत नाय मेलं." आणि मी पण मान हलवायचो.

त्या पावसाळ्यात बाय बावखलाच्या काठावर घसरली. पाय मोडला नाही, मुरगळला, पण दोन तास ती चिखलात पडून होती आणि हाका ऐकायला आसपास कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंच्या वाड्या विकल्या गेल्या होत्या, तिथे बिल्डरचे पत्रे लागले होते. हेमंत मिळेल त्या विमानाने आला. त्याला मी दोष देणार नाही. मीही मुलगा असतो तर तेच म्हटलं असतं. "आई, हे सेफ नाहीये. सातबारावर आपल्या दोघांची नावं आहेत. वाडी विकून टाकू, तू सही कर आणि माझ्याकडे चल."

"बियाची झाडं उभी आहेत," बाय म्हणाली.

"तुझ्या वाडीत काहीतरी बियाला कायम उभं असतंच. हे संपलं की ते. आई, एक ठरव. एक झाड दाखव, त्याचं बी झालं की सही."

तेव्हा बायने बोट दाखवलं ते हेमंतच्या कोथिंबिरीकडे. "तू आणलेलं बी आहे. त्या बियाचं बी माझ्या हातात आलं, की तू बोलशील तिथे सही करीन." हेमंत खूश झाला. त्याच्याकडे ते झाड दरवर्षी उन्हाळ्यात बी देतं, अगदी नको म्हटलं तरी. आणि बायने दोन वर्षं रोज सकाळी त्या झाडाकडे बघितलं होतं. ते इथे फुलत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने वाडी वाचवली होती, आणि तीही खोटं न बोलता.

हे सगळं मायलेकरांत झालं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं, की पडल्यापासून बाय थकलीय आणि त्या एका झाडाला बी धरत नाही म्हणून झुरतेय. हेमंत परत गेल्यावर गणपतीच्या दिवसांत मी तिच्याकडे गेलो, तेव्हाही ती झाडापाशी बसली होती. "नाय धरत," ती म्हणाली. मला ते दुःख वाटलं. आज तो आवाज आठवतो तेव्हा कळतं, की ती देवाचे आभार मानत होती.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचलं. पार्सलीला फुलायला सलग दोनेक महिने थंडी लागते. आपल्या वसईत ती कुठून मिळणार? मी स्वतःशीच हसलो. थंडी? थंडी तर माझ्या घरातली गोष्ट. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती आणि तिच्या आइस्क्रीमच्या हट्टापायी घेतलेला मोठा फ्रिज अर्धा रिकामा होता. बायने दिलेल्या दोन रोपांपैकी एक माझ्या गॅलरीत अजून जगत होतं. मी कुंडी धुऊन पुसून खालच्या कप्प्यात ठेवली, पारा पाच अंशांवर बसवला, आठवड्यातून एकदा अर्धी वाटी पाणी. बायको म्हणाली, "दूध कुठे ठेवू?" मी म्हटलं, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "माणसं देवघरात एवढं लक्ष घालत नाहीत." नऊ आठवड्यांनी, नाताळच्या सुमाराला, पिवळं पडलेलं ते झाड मी बाहेर काढलं. आयुष्यात मी इतकं मन लावून फार थोडी कामं केली आहेत.

फेब्रुवारीत मधून दांडा वर आला. त्याच्या टोकाला हिरवट कळ्यांची छत्री. मी नियम विसरलो नव्हतो, पहिलं बी देणाऱ्याचं. म्हटलं, बी तिच्या डोळ्यांसमोर पिकू दे. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने होळी गावात गेलो, वाटभर ती हलू दिली नाही.

बाय माठ निवडत होती. मी कुंडी तिच्यासमोर ठेवली आणि बाजूला झालो, बक्षिसाला उभं राहावं तसा.

ती उठली नाही. हातातली जुडी तिने खाली ठेवली. मग म्हणाली, "कसं केलंस?"

मी सगळं सांगितलं. कप्पा, पारा, अर्धी वाटी पाणी. ती मध्येच म्हणाली, "दुधाच्या शेजारी?"

"हो."

"नऊ आठवडे."

"हो, बाय. तुम्हाला बी हवं होतं ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला कळला असता. ती म्हणाली, "चहा घेशील?" आणि आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. ती आली तेव्हा हातात चिंधी होती. ती तिने दांड्याला बांधली.

पुढच्या रविवारी मी जरा लवकर गेलो. वाडीचं फाटक उघडं होतं. बाय कुंडीपाशी ओणवी उभी होती आणि तिने फुलाचा दांडा दोन बोटांत धरला होता. ती कीड बघतेय असं समजून मी थांबलो. ती तशीच उभी राहिली. एक झटका दिला असता तर संपलं असतं. नेहमीच्या वेळी आलो असतो तर मीही म्हटलं असतं, अरेरे, वाऱ्याने मोडला. हेमंतला कधी कळलंही नसतं. बायने दांडा सोडला, चिंधीची गाठ थोडी सैल केली, कारण दांडा जाड झाला होता, आणि पाणी आणायला बावखलाकडे गेली.

एप्रिलमध्ये बी तपकिरी झालं. तिने छत्र्या कापून कागदाच्या पिशवीत उलट्या टांगल्या, चोळल्या, पाखडल्या, तीन दिवस ऊन दाखवलं. आणि मग स्वतः मुलाला फोन केला. "बी झालं. ये."

हेमंत आला तो दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी पेढे घेऊन आला. "दादा, तुमच्यामुळे झालं. नाहीतर ती हलली नसती." मी विचारलं, "काय झालं?" त्याने सांगितलं. तो सांगत होता आणि स्वयंपाकघरातून फ्रिजचा आवाज येत होता. बायको पेढ्यांचा बॉक्स उघडायला आली आणि माझा चेहरा बघून तशीच आत गेली.

मी तडक होळीला गेलो. बाय पुड्या बांधत होती, घरटी एक चिमूट. मी म्हटलं, "बाय, मला माहीत नव्हतं."

"मी कुठं सांगितलं होतं?"

"तुम्ही तो दांडा मोडायचा होता. माझ्यादेखत मोडला असतात तरी मी—"

"बियाचं?" ती म्हणाली. मी काहीतरी अभद्र बोललो असावं असा तिचा चेहरा झाला. "बियाचं झाड माझ्या हातानं मोडू? मग वाडी ठेवून तरी काय करू?"

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, तिच्या ओसरीवर बसून रडलो. तिने मला रडू दिलं, आणि मग माझ्या हातात एक पुडी ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे. पेरायचं धाडस होत नाही.

निघताना ती म्हणाली, "साक्षीदार लागतात बोलला हेमंत. एक शेजारचा मिळालाय. दुसरा तू ये." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

रजिस्ट्रार ऑफिसात शुक्रवारी नंबर लागला. हेमंतचं विमान रविवारी होतं, बायचं तिकीटही त्याच्याबरोबर काढलेलं. गर्दी, पंखे, झेरॉक्सचा वास. बाय इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात आली होती आणि बाकावर टेकून न बसता ताठ बसली होती. कारकून बाईंनी फॉर्म वाचायला घेतला. "व्यवसाय?"

"गृहिणी," हेमंत म्हणाला.

"बागायत," बाय म्हणाली. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि बागायत लिहिलं.

मग फोटो झाला, सह्या झाल्या आणि अंगठ्याचं मशीन पुढे आलं. बायने अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. बाईंनी तिचा अंगठा धरून उजेडात बघितला. साठ वर्षं माती उपसून त्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या.

"शेतकऱ्यांचं असंच होतं," बाई म्हणाल्या. "घ्या परत एकदा." लाल. डाव्या हाताचा घेतला. लाल. मागे रांग चुळबुळायला लागली. बाई चांगल्या होत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, आज नाही येत तर राहू द्या. पुढची तारीख घ्या, हाताला थोडं तेल लावत जा, मग या."

हेमंत मान खाली घालून उभा होता. पुढची तारीख म्हणजे त्याची पुढची सुट्टी, म्हणजे आणखी एक वर्ष. मी बायकडे बघत होतो. मनातल्या मनात मी ओरडत होतो, की उठ, घरी चल, तू शब्द पाळलास, मशीन नाही म्हणतंय.

बायने बटव्यातून रुमाल काढला. त्याला जिभेने ओलं केलं, अंगठा चारी बाजूंनी नीट पुसला, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली आणि काचेवर ठेवला. मग दुसरा हात त्या हातावर ठेवून दाबून धरला, बोटांची नखं पांढरी होईपर्यंत.

हिरवा दिवा लागला.

"झालं," बाई म्हणाल्या. "साक्षीदार या."

मी पुढे गेलो. माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटला.